दांडीची उंची

कराड,
गुरुवार, ३ एप्रिल २०२५

प्रिय ज्ञानू,

राम राम आणि जय जिनेंद्र, दोन्ही घे. जे चालेल ते ठेवून घे, दुसरं परत पाठव.

पत्र बघून तुला हसू येईल. हल्ली पत्रं फक्त बँका आणि वकील पाठवतात. पण माझा नंबर तू बंद करून टाकलायस, आणि आईच्या फोनवरून केला तर माझा आवाज ऐकून ठेवून दिलास. मग विट्याला जाऊन तुझ्या मामांकडून सेलमच्या दुकानाचा पत्ता आणला. मामांनी चहा पाजला आणि वर बजावलं, "पोरगं तितं सोनं गाळतंय, बरं चाललंय त्येचं. हितलं कायबी कळवू नगासा." मी मान डोलावली, आणि घरी येऊन हे लिहायला बसलो.

इकडे सर्व क्षेम. आईचे गुडघे दुखतात, तरी बस्तीत दर्शनाला जायचं चुकवत नाही. कॉलेजात परीक्षा जवळ आल्या आहेत. वर्कशॉपमध्ये तुझ्या जागी एक नवीन वेल्डर आला आहे, हात बरा आहे, पण बोलत नाही. तू असताना कान किटायचे. चारचौघांत मला 'सर' म्हणायचास आणि टेबलाशी आपण दोघंच असलो की 'गड्या'. तुझी वेल्डिंगची काच खुंटीवर आहे तशीच आहे. ती कुणी वापरायची नाही असं मी सांगून ठेवलं आहे, आणि का ते सांगितलेलं नाही.

मुख्य बातमी ही की आपला पाणीगाडा पुन्हा होतो आहे. पुण्याच्या संस्थेनं दोनशे गाड्यांचं काम एका कारखान्याला दिलं आहे. तीच जुन्या मोपेडची चाकं, तोच पाण्याच्या लाइनीचा पाइप, सहा घागरींच्या तशाच सहा कड्या. कुठल्याही गावच्या वेल्डरला दुरुस्त करता आला पाहिजे म्हणून तू एकही भाग बाहेरून मागवू दिला नव्हतास, ते त्यांना फार आवडलं. जत आणि आटपाडीकडच्या टँकरच्या गावांना अक्षय तृतीयेच्या दिवशी गाडे वाटायचे आहेत. त्या दिवशी पाण्याची घागर दान द्यायची रीत आहेच, तोच मुहूर्त धरला आहे. इथं जमलं की हेच ड्रॉइंग आफ्रिकेतल्या दोन देशांत जाणार आहे. तिथल्या बायकाही डोक्यावरूनच पाणी आणतात.

दांडीचा जोड आता भक्कम केला आहे. खाली जाड पट्टी आणि वेल्डिंगचे दोन थर. गेल्या एप्रिलमध्ये तुझ्या अक्काच्या बाबतीत जे झालं ते पुन्हा होऊ नये म्हणून ही खबरदारी. चौकशीच्या अहवालात जोड निसटल्याचं आलं होतं, त्यामुळे त्यांनी तेवढाच भाग बदलला आहे. बाकी ड्रॉइंग आहे तसंच आहे.

तू आठ दिवसांची रजा काढून येशील का? ते दोनशे जोड तुझ्या नजरेखालून जावेत असं मला वाटतं. तुझ्याइतका बारीक डोळा दुसऱ्या कुणाचा नाही. दोष कुणाचा होता, काय झालं, तो विषय आपण काढायचा नाही. नुसता येऊन जा.

मोरदऱ्याला अक्काच्या सासरी मी बरेच महिने गेलेलो नाही. या सुट्टीत जाईन म्हणतो. तू गेला होतास का? मामा म्हणाले, नाही.

उत्तर नाही दिलंस तरी पत्र मिळाल्याचं तेवढं कळव.

तुझा,
आर्जव


कराड,
सोमवार, १४ एप्रिल

ज्ञानू,

पोस्टात चौकशी केली. पत्र सात तारखेला तुझ्या दुकानात पोचलं आहे आणि सही तुझीच आहे. म्हणजे तू ते घेतलंस. फाडलंस की वाचलंस हे पोस्टाला सांगता येत नाही.

महावीर जयंती झाली आणि शनिवारी मी मोरदऱ्याला गेलो. गावाबाहेर मोटारसायकल लावली आणि त्या विहिरीपासून चालत वर गेलो. टँकर विहिरीत पाणी ओततो, तिथून बायका शेंदून घेतात आणि चढ चढून गावात नेतात, सगळं पूर्वीसारखंच आहे. ज्या दगडावर गाडा आदळला तो अजून तिथंच आहे. त्याला कुणीतरी चुना फासला आहे. मी तिथं बराच वेळ उभा होतो, मग एका बाईनं "कुनाकडं जायाचं हाय?" म्हणून विचारलं तेव्हा चालू लागलो.

अक्का ओसरीवर होती. कॉटला वरून दोर बांधला आहे, तो धरून ती उठून बसते. कमरेखाली काही नाही. सुईसुद्धा कळत नाही म्हणाली, आणि हसली. हात मात्र दणकट झाले आहेत. शेजारपाजारच्या गोधड्या शिवते. मला बघून तिला आनंद झाला, ज्ञानू. मला वाटलं होतं ती तोंड फिरवेल. ती म्हणाली, "ये रं आर्जवा, लय वाळलास. गुणामावशी जेवाय घालत न्हाई व्हय?" आईला ती अजून मावशीच म्हणते.

पाणी आता बयाबाई आणते. अक्काची सासू. सत्तरी उलटली असेल. मी बसलो असतानाच ती दोन घागरी घेऊन आली, एक डोक्यावर, एक कडेवर. मी घ्यायला उठलो तर म्हणाली, "बस, बस. तुमी पान्याला हात लावलासा म्हंजी काय हुतंय ते बघितलं आमी." एवढं बोलून आत गेली, आणि माझ्यासाठी पोहे टाकले.

तुझा विषय अक्कानंच काढला. चौकशी झाल्यावर तू मिरजेच्या दवाखान्यात तिच्या पायाशी दोन दिवस बसलास, एक शब्द बोलला नाहीस आणि तिसऱ्या दिवशी गेलास, तो गेलासच. म्हणाली, नागपंचमीला वाट बघितली. माहेरी नेणं आता होणार नाही हे तिला कळतं, पण तू येऊन बसशील असं वाटलं होतं. शेजारच्या पोरीकडून मेंदी लावून घेतली होती. "त्येला वाटतंय त्येच्या हातानं माझं वाटुळं झालं," असं म्हणाली. "कुनी सांगितलं त्येला आसं?"

मी तिच्या गोधडीचा काठ सरळ करत बसलो.

मग तिनं त्या सकाळचं सांगितलं. तुला कधी तिच्या तोंडून ऐकायला मिळालं नाही, म्हणून जसंच्या तसं लिहितो. "चढाला लागले. म्होरं मागं कुनी न्हवतं. डोईवरचा पदर खाली पडला, म्हनलं पडूं दे. ताठ हुबी ऱ्हाऊन वडाय लागले, आन दांडी हातातनं अशी वर उसाळली. मी धरून लोंबकाळले बी. मग गाडं मला घिऊनच मागं आलं. दांडी तवा तुटली न्हवती, आर्जवा. दगडावर आपाटलं तवा कडाकडा वाजलं, ते मी आइकलं." चौकशीला आलेल्या साहेबांनाही तिनं हेच सांगितलं होतं. ते म्हणाले, तुम्ही घाबरलेल्या होता, तुम्हाला नीट आठवत नसेल.

ज्ञानू, इथं मी थांबतो. तिच्यापुढे मी काय म्हणालो आणि काय म्हणायला हवं होतं, ते लिहायला हात चालत नाही. कॉलेजचे पेपर तपासायचे आहेत, ते सांगून मी तिथूनही असाच उठून आलो.

निघताना ती म्हणाली, "त्येला कळीव." मी 'कळवतो' म्हटलं. म्हणून हे कळवलं.

दोनशेपैकी दीडशे गाडे तयार झाले. दांडी सगळ्यांची चोवीस इंचांवर.

आर्जव


कराड,
सोमवार, २१ एप्रिल

ज्ञानू,

आज कुशल वगैरे विचारत नाही. नऊ दिवस उरले आहेत आणि मला सरळ लिहायचं आहे.

तुझा जोड गेला नव्हता.

हे मला अपघातानंतर चौथ्या दिवशी कळलं होतं. तुटलेला गाडा वर्कशॉपमध्ये आणला तेव्हा मी जोड भिंगाखाली धरला. तडा संपूर्ण ताजा होता, जुन्या भेगेचा काळा डाग कुठंही नव्हता, आणि शेजारी पाइपला दगडाचा खोलगट पोचा होता. तो मार बसला म्हणून जोड उघडला. एवढंच बघून थांबलो असतो तर मनाची समजूत घालता आली असती. पण मी रविवारी वर्कशॉप उघडून दुसरा गाडा काढला, सहा घागरी भरल्या आणि उतरणीच्या फळ्यांवर चढवला. वाकून ओढला तर सुरेख आला. मग ताठ उभा राहिलो. दांडी हातातून सुटली आणि गाडा मागच्या भिंतीवर जाऊन बसला. जोड शाबूत होता.

गाड्याचं वजन चाकांवर बरोबर बसतं ते दांडी चोवीस इंचांवर धरली तर. त्याहून वर उचलली की वजन मागं जातं. सपाटीवर ते जाणवत नाही, चढावर गाडा माणसालाच उचलून घेतो. यातलं वेल्डिंगचं काहीच नाही. हे सगळं माझ्या ड्रॉइंगमधलं आहे.

आणि चोवीस कुठून आलं ते तुला माहीत आहे. तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही. तरी लिहितो, कारण हे कागदावर कुठंच नाही.

मोरदऱ्यात सरपंच लालासाहेबांनी चावडीपुढं दहा बायका बोलावल्या. कट्ट्यावर सगळी थोर मंडळी, एकीकडे सासवा, मध्ये खुर्चीवर मी. एकेक बाई पुढं यायची, कपाळापर्यंत पदर, मान खाली, खांदे पडलेले. मी जमिनीपासून मुठीपर्यंत टेप लावायचो आणि आकडा सांगायचो. तू माझ्या कानाशी आलास. म्हणालास, "सर, हितं नगा मोजू. ह्या बायका हितं हुब्या न्हाईत, नुस्त्या हाजर हाईत. हिरीवर चला." मी म्हटलं, फॉर्मवर सरपंचांची सही लागते, ते काही विहिरीवर येणार नाहीत. दहाजणींची सरासरी काढली, चोवीस. सही झाली, चहा झाला, फोटो झाला.

मी सांगलीजवळच्या खेड्यात वाढलो आहे. आमच्या घरी काकू आजोबांपुढून वाकूनच जायच्या आणि परसात गेल्या की कण्यात काठी घातल्यासारख्या सरळ व्हायच्या. हे मी लहानपणापासून बघितलेलं आहे. पुण्याच्या साहेबाला ते ठाऊक नसणं समजू शकतो. मला ठाऊक असून मी वाकलेल्या बायका मोजल्या.

उद्घाटनालाही गाडा छान चालला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चालणारच, तिथंही सगळे समोर बसले होते आणि ओढणारी वाकूनच ओढत होती.

मापं घेतली त्याच दिवशी संध्याकाळी तू एकटा विहिरीवर जाऊन आलास. माझ्या वहीत, माझ्या दहा आकड्यांच्या बाजूला, तुझ्या अक्षरात '२८, हिरीवर, रिकाम्या वाटंला' असं लिहिलंस. मी विचारलं, कुणाचं माप? म्हणालास, अक्काचं. आणि मी काय बोललो ते तू विसरला नसशील. मी म्हटलं, "एका बाईच्या मापावरून गाडा करत नसतात, ज्ञानू." मग मी त्या आकड्यावर रेघ मारली. तू बाहेर जाऊन विडी ओढलीस आणि दुसऱ्या दिवशी माझ्या चोवीस इंचांवर दांडी जोडून दिलीस.

ती एक बाईच गाड्याखाली आली.

चौकशीच्या दिवशी साहेबांनी मला विचारलं, जोड निसटला असं म्हणता येईल का? मी गप्प राहायला हवं होतं किंवा खरं बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "तसंच दिसतंय." आणि सही केली. ड्रॉइंग चुकलं म्हटलं असतं तर माझं नाव, माझी नोकरी, या गाड्यासाठी मिळालेलं बक्षीस गेलं असतं. वेल्डिंग म्हटलं की एका वेल्डरवर जातं. तुझ्यावर पोलीस केस होणार नाही हे मी आधी विचारून घेतलं होतं, आणि मनाशी म्हटलं, मग ज्ञानूचं काय बिघडतंय. तुझं काय बिघडलं ते मी मिरजेला दाराच्या फटीतून बघितलं. तू स्वतःच्या हातांकडे बघत बसला होतास. मी आत आलो नाही, परत फिरलो. वर्ष झालं, मला ते हात झोपू देत नाहीत, आणि तरी मी वर्षभर काही केलं नाही.

आईला परवा सगळं सांगितलं. ती रडली नाही, ओरडली नाही. पर्युषणात तिसऱ्या दिवशी सरळपणावर, म्हणजे आर्जवावर, प्रवचन असतं, त्या दिवशी जन्मलो म्हणून माझं हे नाव तिनं ठेवलं. ती एवढंच म्हणाली, "तुला मी यापुढं कसं हाक मारू?" तेव्हापासून ती मला जेवायला वाढते, पण हाक मारत नाही.

आता खरी भीती सांगतो. माझ्या खोट्यामुळे त्यांनी जोड जाड केला आणि उंची तशीच ठेवली. म्हणजे अपघात टळणार नाहीत, फक्त दांडी तुटणार नाही. दोनशे गाडे दोनशे चढांवर जातील आणि सकाळच्या वेळी, वाटेला कुणी नसताना, कुणीतरी पाठ सरळ करेल. आणि ड्रॉइंग समुद्रापलीकडे गेलं की मला मोजताही येणार नाही.

मी संस्थेच्या साहेबांना फोन केला. म्हणाले, अहवालावर तुमचीच सही आहे, वेगळं काही म्हणणं असेल तर लेखी द्या, लेखी आलं तर वाटप थांबवावंच लागेल. चार वेळा लिहिलं. चारही वेळा फाडलं. पाचव्यांदा लिहिलेलं माझ्यासमोर आहे, पाकिटात घालून, पत्ता लिहून. आणि मला माझा भरवसा नाही. पोस्टाच्या पेटीपर्यंत जाईन आणि परत येईन, हे मला आत्ताच दिसतं आहे. मी भ्याड आहे, गड्या. पूर्वी कुणी म्हटलं असतं तर भांडलो असतो.

म्हणून तुझं पाकीट आधी टाकतो आहे. हे एकदा पेटीत पडलं की मला परत घेता येणार नाही.

सोबत वहीतलं ते पान आहे. झेरॉक्स नाही, मूळ पान. माझे दहा आकडे, तुझं अठ्ठावीस, त्यावरची माझी रेघ, खाली तारीख. अक्षय तृतीयेला कुणाला तरी फोन करून विचार, मोरदऱ्याकडे गाडे वाटले का. नाही म्हणाले तर दुसरं पाकीट मी टाकलं असं समज. हो म्हणाले तर मी टाकलेलं नाही. मग हे पत्र आणि ते पान घेऊन तू जा, पोलिसांकडे, पेपरवाल्यांकडे, कुठंही. मी यातला एकही शब्द नाकारणार नाही, म्हणून खाली पूर्ण नावानं सही केली आहे.

माफी मागत नाही. ती तुझ्याकडे मागायचा हक्क मला उरलेला नाही, का ते सांगतो. मी शनिवारी पुन्हा मोरदऱ्याला गेलो होतो. तिला सगळं सांगितलं. तिनं गोधडीतली सुई बाजूला ठेवली, पण मला हाकललं नाही. मी म्हटलं, अक्का, दांडी नव्यानं ठरवायची आहे, बरोबर माप पाहिजे. आणि खिशातून टेप काढला. काढल्यावर मला कळलं मी काय करतो आहे.

ती म्हणाली, "आता कशी हुबी ऱ्हाऊ रं? ज्ञानूला इचार. त्येनं मला हुबी बघितलिया."

ती ताठ उभी असतानाची तिच्या मुठीची उंची जगात आता एकाच कागदावर आहे, आणि ती तुझ्या अक्षरात आहे. हात तुझे बरोबर होते, डोळाही बरोबर होता. जाऊन तिच्याजवळ बस. माझ्यासाठी नको, तिनं मेंदी लावून वाट बघितली म्हणून जा.

अठ्ठावीसवर रेघ मारणारा,
आर्जव अण्णासाहेब मगदूम